फोनवर सांगितलेली सुरी

लोरेथा मेब्री बावीस वर्षं शाळेची बस चालवते. पहाटे साडेपाचला डेपोत पोचायचं, थंडीनं आखडलेल्या बसभोवती टॉर्च घेऊन एक फेरी मारायची, टायर, आरसे, दिवे, मागचं दार बघायचं आणि कागदावर खुणा करायच्या. बाकीचे ड्रायव्हर हीटर लावून आत बसतात आणि कॉफी पीत पीत सगळ्या चौकोनांत सरसकट खुणा करून टाकतात. लोरेथा जे डोळ्यांनी पाहिलं त्याच्यापुढेच खूण करते. एकदा तिनं उजव्या दिव्यापुढे ‘बर्फ साचला आहे, दिवा दिसला नाही’ असं लिहून दिलं, तेव्हा डेपोचा मॅनेजर म्हणाला होता, “बाई, तू स्वर्गाच्या दाराशी गेलीस तरी आत शिरायच्या आधी बिजागऱ्या तपासशील.”

लग्न झालं होतं तिचं. नवरा लग्नाच्या सातव्या वर्षी टेक्ससला काम बघायला गेला आणि तिकडे काम बघतच राहिला. मग ती विलो रस्त्यावर आईच्या घरी परत आली ती कायमचीच. घरात तिघं. आई झेला, आता ऐंशीला टेकलेली, लोरेथा, आणि तिच्याहून नऊ वर्षांनी धाकटा भाऊ आल्टन.

आल्टन फ्रीजच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडायच्या आधीच त्याच्या डोक्यात माणसं बोलायला लागली होती. महिन्याला एक इंजेक्शन घेतलं की ती गप्प बसत. मग पाच-सहा महिने आल्टन आईला बाजारात नेई, गवत कापी, बेसबॉलवरून शेजाऱ्यांशी तावातावानं वाद घाली. आणि एक दिवस जाहीर करी, “मी बरा झालोय. आता सुई नको.” त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत तो गाड्या घासायला लागे.

काचेवरचं दंव काढायला इथे प्रत्येकाच्या गाडीत प्लॅस्टिकची खरवडणी असते. आल्टनची निळी होती. बरं नसलं की तो उजाडायच्या आत उठून विलो रस्त्यावरच्या झाडून सगळ्या गाड्यांच्या काचा घासून ठेवी. दंव असो नसो. जुलैतसुद्धा. कुणी त्याला काही म्हणत नसे. समोरची ओलीटा ग्रिग्ज तर पायरीवर बसून ओरडे, “आल्टन, मागची काच राहिली की रे! फुकटचं काम म्हणून अर्धंच करतोस होय?”

“मागची उद्या, मिस ओलीटा,” आल्टन गंभीरपणे सांगे.

दोन वर्षांमागच्या जानेवारीत तो नुसत्या पायमोज्यांवर घराबाहेर पडला. लोरेथानं पोलिसांना फोन केला आणि होतं तसं सांगितलं. भाऊ आजारी आहे, कुणाला त्रास देत नाही, फक्त दवाखान्यात न्यायला मदत हवी. पलीकडची बाई म्हणाली, गाडी मोकळी झाली की पाठवते. गाडी मोकळी व्हायला दोन तास चाळीस मिनिटं लागली. तोवर आल्टन चालत रेल्वेच्या रुळांपर्यंत गेला होता. डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली.

“तुझंच चुकलं,” ओलीटा नंतर स्वयंपाकघरात बसून म्हणाली. “‘त्रास देत नाही’ असं कशाला सांगायचं? त्रास न देणाऱ्या माणसासाठी विलो रस्त्यावर कोण येतंय? माझ्या नातवानं घर डोक्यावर घेतलं होतं तेव्हा मी सरळ सांगितलं, सुरी आहे त्याच्याकडे. पाच मिनिटांत हजर! चांगला पिकल्या केसांचा पोलीस होता. गप्पा मारत मारत घेऊन गेला पोराला.”

“आणि सुरी कुठाय म्हणून विचारलं तर?”

“विचारलं ना. मी म्हटलं, ठेवली असेल कुठेतरी. संपलं.”

विलो रस्त्यावर हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुठलं गटार तुंबतं, कुठल्या दुकानात उधार मिळतं, तसंच हेही. लोरेथानं मान हलवली आणि विषय बदलला. पण ऐकलेलं डोक्यात राहिलं.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. सकाळची फेरी संपवून लोरेथा घरी आली तेव्हा साडेनऊ झाले होते. दुपारची फेरी पावणेदोनला. आल्टन रस्त्याच्या मधोमध उभा होता. उभ्या गाड्या संपल्या म्हणून तो येणाऱ्या थांबवत होता. एक ट्रक त्याच्या अंगावर येता येता राहिला. लोरेथा दोनदा त्याचा हात धरून ओढायला गेली.

“आल्टन, चल आत. आई घाबरलीय.”

“एवढ्या होऊ देत, रीथा. बघ ना, यांना समोरचं काही दिसत नाहीये.”

त्यानं हात सोडवून घेतला. तो तिच्या दुप्पट होता.

तिनं फोन केला. खरं ते सांगितलं. भाऊ आजारी आहे, रस्त्यात उभा आहे, हातात काच खरवडायची खरवडणी आहे, कुणीतरी त्याला उडवेल. गाडी मोकळी झाली की पाठवते, पलीकडची बाई म्हणाली. चाळीस मिनिटं गेली. आई समोरच्या खोलीत खिडकीशी बसून होती. तिला ऐकायला कमी येई. लोरेथानं स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा फोन लावला. या वेळी दुसरी बाई होती.

“त्याच्या हातात काही आहे का?”

“सुरी आहे,” लोरेथा म्हणाली.

चार मिनिटांत गाडी आली. आल्टनला तिची काच दिसली. खरवडणी उंच धरून तो तिच्याकडे निघाला. गाडीतून उतरलेला पोलीस, कीगन राउश त्याचं नाव, सत्तावीस वर्षांचा, उघड्या दाराआडून ओरडला, “टाक ते! खाली टाक!” लोरेथा पायरीवरून ओरडत होती, “आजारी आहे तो! आजारी आहे!” गाडी थांबल्यापासून तिसऱ्या गोळीपर्यंत अकरा सेकंदं. आल्टन आधी बसला, दमला की पायरीवर बसायचा तसा. मग आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी राज्याच्या तपास शाखेचा हेन्ली नावाचा माणूस आला. बोलायला मऊ, बूट पायपुसण्यावर नीट पुसून आत आला.

“फोन तुम्हीच केला होता?”

“हो.”

“तुम्ही सुरी म्हणालात. सुरी पाहिलीत तुम्ही?”

खोटा फोन करणं हा गुन्हा आहे हे लोरेथाला ठाऊक होतं. अंगावर गुन्हा असला तर मुलांची बस हातात राहत नाही, हे तर नोकरीच्या पहिल्याच पानावर होतं. पण त्या क्षणी तिच्या मनात बसही नव्हती. शेजारच्या खोलीत आई होती, आणि आईनं अजून आल्टनचा बिछाना काढू दिला नव्हता.

“मला... तसं वाटलं,” ती म्हणाली.

हेन्लीनं लिहून घेतलं.

त्यानंतर वाट बघणं सुरू झालं. राउशवर आरोप ठेवायचा की नाही हे जिल्ह्याचे सरकारी वकील स्टॅनर्ड ठरवणार होते. तपास संपेपर्यंत ते काही बोलणार नव्हते. जानेवारी गेला, मार्च गेला. राउशला पगारी रजा होती. चर्चमध्ये बायका जमल्या. रविवारी पाद्रीबाबांनी आईला पुढे बोलावलं, आणि झेला दोन्ही हातांनी बाक धरून उभी राहिली आणि म्हणाली, “ते म्हणतात सुरी होती. मग दाखवा म्हणावं. कुठे आहे सुरी? या पोलिसांनी ती तोंडानंच घडवली!”

तिथून ते पसरलं. कोर्टासमोर माणसं जमली तेव्हा प्रत्येकाच्या हातातल्या पुठ्ठ्यावर तेच होतं: ‘सुरी कुठे आहे?’ मोठ्या कापडी फलकाचं एक टोक ओलीटानं धरलं होतं, दुसरं लोरेथानं. वारा होता. फलक हातातून सुटू नये म्हणून लोरेथानं दोरी मनगटाला गुंडाळून घेतली. टीव्हीवाली मुलगी माइक घेऊन आली तशी ओलीटा आपण होऊन पुढे झाली आणि दहा मिनिटं बोलली. लोरेथाकडे माइक आला तेव्हा ती म्हणाली, “मला काही सांगायचं नाही.” पेपरात आलं, ‘दुःखानं मूक झालेली बहीण.’ आईनं ते कापून फ्रीजवर लावलं.

ऑगस्टमध्ये सरकारी वकिलांच्या ऑफिसातून पेग डॉर्सीचा फोन आला. मेलेल्यांच्या घरच्यांची विचारपूस करायला त्या ऑफिसात एक बाई ठेवलेली असते, ती ही. दर महिन्याला फोन करी, आवाज प्रेमळ.

“निर्णय आता जवळ आलाय, मिस मेब्री. कुटुंबाला आणखी काही सांगायचं असेल तर हीच वेळ आहे.”

पेग हे वाक्य प्रत्येक घराला सांगत असे. लोरेथाला ते आपल्यासाठीच वाटलं. तीन दिवस ती बसचं स्टिअरिंग धरून त्याचाच विचार करत राहिली. सगळं अडलंय ते त्या सुरीवर. ती सुरी काढून टाकली तर काय उरतं? आजारी माणूस, हातात प्लॅस्टिकची खरवडणी, आणि अकरा सेकंदांत तीन गोळ्या. मग कुठला वकील नाही म्हणेल? आणि ती सुरी काढून टाकणं जगात फक्त एकाच माणसाच्या हातात होतं. नोकरी जाईल तर जाईल.

चौथ्या दिवशी ती गाडी काढून दीड तासावरच्या हेन्लीच्या ऑफिसात गेली. आईला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे चालले.

“त्याच्या हातात खरवडणीच होती,” ती हेन्लीला म्हणाली. “मला माहीत होतं. पहिल्या फोनवर मी तसं सांगितलंही होतं. कुणी आलं नाही. लवकर यावं म्हणून मग सुरी म्हटलं. आणि तुम्हाला ‘वाटलं’ म्हणाले, तेही खोटं होतं.”

हेन्ली दोन बोटांनी टाइप करत होता. मधे एकदा थांबून त्यानं विचारलं, “तुम्हाला वकील हवाय का?”

“कशाला? खरं सांगायला?”

त्यानं कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं ओळ न ओळ वाचून सही केली.

“आता ती सुरी गेली ना यातून?”

“हे फाइलला लागेल,” हेन्ली म्हणाला.

त्या संध्याकाळी लोरेथानं हॅमचं हाड घालून घेवड्याची उसळ केली आणि कितीतरी महिन्यांनी दोन वाट्या खाल्ली. आई बघत राहिली. “दाताच्या डॉक्टरनं जीभही बदलून दिली वाटतं,” ती म्हणाली.

ऑक्टोबरच्या एका गुरुवारी बारा वाजता स्टॅनर्डनी घरच्यांना बोलावलं. दोन वाजता ते टीव्हीवाल्यांपुढे बोलणार होते. घरच्यांना आधी सांगायची पद्धत आहे. आई यायला तयार झाली नाही.

“तो टिश्यूचा डबा माझ्यापुढे सरकवेल आणि मला थँक्यू म्हणावं लागेल. मला नाही जमायचं. तू जा.”

लोरेथानं दुपारच्या फेरीला बदली ड्रायव्हर दिला आणि चर्चचा निळा ड्रेस घालून गेली. टिश्यूचा डबा टेबलावर होता. पेग शेजारी बसली. स्टॅनर्ड उंच, सावकाश बोलणारे; या पदावर एकोणीस वर्षं लोकांच्या मतांनी निवडून येत होते. त्यांनी उभं राहून तिच्याशी हात मिळवला आणि मग बसून म्हणाले, “मिस मेब्री, आडवळणानं सांगत नाही. मी अधिकारी राउशवर आरोप ठेवणार नाहीये.”

लोरेथाला वाटलं, त्यांनी तिचा कागद पाहिलाच नाही.

“माझा दुसरा जबाब वाचला नाही तुम्ही? ऑगस्टमधला?”

“वाचला. दोनदा.”

“सुरी नव्हतीच.”

“नव्हती. मी तसंच सांगणार आहे सगळ्यांना, फोनची टेपही ऐकवणार आहे. तुमच्या भावाकडे कुठलंही हत्यार नव्हतं.”

“मग?”

स्टॅनर्डनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. “या राज्याचा कायदा मला काय होतं हे विचारत नाही. त्या पोलिसाला त्या घडीला काय माहीत होतं आणि त्याच्या जागी दुसरा शहाणा पोलीस घाबरला असता का, एवढंच विचारतो. त्याला रेडिओवर सांगितलं होतं, सुरी. समोर माणूस हात उंचावून येतोय. तुम्ही खोटं बोललात हे त्याला माहीत नव्हतं, मॅडम. त्याच्यापुरती सुरी होती.”

“पण पहिल्या फोनवर मी खरवडणी म्हटलं होतं. ते टेपवर असेल.”

“आहे. ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही. फोन घेणारी बाई बदलली होती.”

“मग तो तिचा दोष नाही?”

“दोष असेल. गुन्हा नाही.”

लोरेथा खुर्चीत पुढे सरकली. ती म्हणाली, “तो काच घासायला चालला होता. गाडी दिसली की तो घासायचाच. सगळ्या रस्त्याला ठाऊक आहे. मी पायरीवरून पाहत होते. मी कोर्टात सांगेन.”

“त्यानं हात का वर केला हे ज्यूरीला सांगू शकणाऱ्या एकट्या तुम्हीच होतात,” स्टॅनर्ड म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी नजर खाली केली. “पण आता तुमचे दोन जबाब आहेत. राउशचा वकील दोन्ही वाचून दाखवेल आणि विचारेल, यातलं खोटं कुठलं, आणि आज शपथेवर खरं बोलताय कशावरून? ज्यूरीच्या बारा माणसांपुढे तुम्ही टिकणार नाही. मी कितीही प्रयत्न केला तरी.”

“मी खरं सांगायला गेले होते.”

“मला माहीत आहे.”

“समजा, मी सुरी म्हटलंच नसतं. मग ठेवला असतात का आरोप?”

“तसं मला सांगता येणार नाही.” मग त्यांनी समोरच्या कागदाचं पान उलटलं. “आणखी एक गोष्ट आहे. तुम्हाला इतरांकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. खोटी खबर देणं हा इथे गुन्हा आहे. तुमच्या सहीचा कबुलीजबाब माझ्याकडे आहे. म्हणजे या सगळ्या फाइलमध्ये जो खटला मी उद्या उभा करून जिंकू शकतो, तो फक्त तुमच्यावरचा आहे. मी तो भरणार नाहीये. तुम्ही पुरेसं सोसलंय.”

पेगनं तिच्या पाठीवर हात ठेवला. स्टॅनर्ड थांबले होते. ते कशासाठी थांबलेत हे लोरेथाच्या लक्षात यायला वेळ लागला.

“थँक्यू,” ती म्हणाली.

पेग तिला लिफ्टपर्यंत सोडायला आली. लिफ्ट येईना. लोरेथानं विचारलं, “याच्या वर कुणाकडे जाता येतं?”

“ते स्वतः होऊन राज्याच्या वकिलांकडे पाठवतील तरच. ते पाठवणार नाहीत.” पेगनं मागे वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. “मी इथे चौदा वर्षं आहे, हनी. अशा प्रकरणात तो डबा मी सहा वेळा टेबलावर ठेवलाय. सहाही वेळा हेच.”

“त्या सहांत फोनवर कुणी सुरी म्हटलं होतं?”

“नाही. एकाच्या तर हातात काहीच नव्हतं.”

हे ऐकून लोरेथाला हलकं वाटायला हवं होतं. निदान पेगला तसं वाटत असावं, कारण ती मोठ्या आशेनं तिच्या तोंडाकडे बघत होती. लिफ्ट आली.

घरी पोचली तेव्हा एक वाजून गेला होता. आईनं टीव्ही लावून आवाज बंद ठेवला होता.

“काय म्हणाला?”

“नाही म्हणाला.”

झेलानं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. “बस. पाय दुखत असतील. हे शूज कुणी सांगितले घालायला?”

“आई, दोन वाजता ते फोनची टेप लावणार आहेत. तू ऐकायच्या आधी मी सांगते. ती सुरी पोलिसांनी नाही... मी...”

“ठाऊक आहे.”

लोरेथा बसता बसता उठली.

“मधे एक भिंत होती, पोरी. मी बहिरी आहे ती चर्चमधल्या सिस्टर बर्निसच्या दुखण्यांच्या गोष्टींपुरती. तुझा आवाज मला ऐकू येतो.”

“पहिल्यापासून माहीत होतं? मग चर्चमध्ये, कोर्टासमोर... सुरी कुठे आहे, सुरी कुठे आहे...”

“मग काय करायचं होतं?” झेलाचा आवाज चढला. “मला दोन पोरं. एक रस्त्यावर पडलेलं. फोन कुणी केला हे कुणाच्या तोंडी यायच्या आत मी ओरडायला लागले. म्हटलं, जितकं ओरडेन तितकं सगळे त्यांच्याकडे बघतील. तुझ्याकडे कुणी बघणार नाही. ऐंशी वर्षांच्या बाईला दुसरं काय येतं?”

“मी ऑगस्टमध्ये जाऊन सगळं सांगून आले. सही करून.”

झेला तिच्याकडे वळली. म्हणाली, “दाताच्या डॉक्टरकडे.”

“हो.”

“कुणी विचारायला आलं होतं?”

“नाही.”

“न विचारता नेऊन दिलंस.”

“मला वाटलं, खरं कळलं तर...”

“अगं, खरं काय ते त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. निळी खरवडणी पिशवीत घालून तेच घेऊन गेले ना!” झेलानं डोळे मिटले. “तू एकटी होतीस सांगायला, तो तिकडे का चालला होता ते. तुझं तोंड तूच बांधून आलीस. माझ्या बापानं चाळीस वर्षं या गावात काढली, एक गोष्ट शिकवली होती मला: त्यांच्या कागदावर सही करू नको. तुला शिकवायची राहिली.”

दोन वाजता स्टॅनर्ड पडद्यावर आले. झेलानं आवाज वाढवला. त्यांनी आल्टनला हत्यार नसल्याचं सांगितलं, कुटुंबाबद्दल चांगलं बोलले, फोन करणाऱ्या बाईवर काही कारवाई होणार नाही असंही सांगितलं. मग टेप लावली. दुसऱ्या फोनची. पहिल्या फोनची लावली नाही. ‘सुरी आहे,’ लोरेथाचा आवाज म्हणाला, ठाम, जसा ती बसमध्ये मुलांना खाली बसा म्हणून सांगते तसा. संध्याकाळपर्यंत तो आठ-दहा वेळा लागला. झेला प्रत्येक वेळी शेवटपर्यंत ऐकत होती.

पाच वाजता ओलीटा मॅकरोनीचा मोठा ट्रे घेऊन आली. आत आली नाही. दारातच उभी राहून तिनं ट्रे पुढे केला आणि कुजबुजली, “माझं नाव घेतलंस का गं?”

“नाही.”

“त्या हेन्लीजवळही नाही?”

“कुणाजवळच नाही.”

“देव तुझं भलं करो.” ओलीटाचे डोळे भरून आले. “मी आपली एक रीत सांगितली होती गं. तो म्हातारा पोलीस किती चांगला होता. सगळे तसेच असतील असं वाटलं मला.” मग पायरी उतरता उतरता म्हणाली, “ट्रे सावकाश दे. घाई नाही.”

रविवारी चर्चमध्ये त्यांच्या बाकावर दोघींच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली. कुणी वाईट बोललं नाही. फलक कुणाच्या तरी गॅरेजमध्ये गेले. बसची नोकरी राहिली. मॅनेजर म्हणाला, आरोपच नाही तर मी कशावरून काढू? फ्रीजवरचं पेपरातलं कात्रण आईनं काढलं नाही, आणि लोरेथालाही काढता आलं नाही. घरात बोलणं होई ते भाजीचं, औषधांचं. आल्टनच्या खोलीचं दार बंद असे. झेला जेवायला वाढताना अजून म्हणे, “पोरी, अजून घे,” पण तिच्याकडे न बघता.

राउश नोव्हेंबरच्या सुरुवातीला कामावर परतला. लोरेथानं ते पेपरात वाचलं, आतल्या पानावर, हवामानाच्या शेजारी.

त्याच महिन्याच्या वीस तारखेला दुपारच्या फेरीत तिनं हिकरी रस्त्यावर मुलं उतरवायला बस थांबवली. लाल दिवे लागले, बाजूची थांब्याची पाटी बाहेर आली. बस अशी उभी असली की दोन्ही बाजूंच्या गाड्यांनी जागच्या जागी थांबायचं, असा राज्याचा कायदा आहे. समोरून येणारी पोलिसांची गाडी थांबली. दोघांच्या मधे दहा पावलांचं अंतर होतं आणि दोन काचा. स्टिअरिंगमागे राउश होता. पेपरातल्या फोटोपेक्षा जाड झाला होता. त्यानं टोपी शेजारच्या सीटवर काढून ठेवली होती, आणि तो काहीतरी चघळत होता.

मुलं उतरली, रस्ता ओलांडला, आपापल्या दारांत शिरली. लोरेथानं पाटी आत घेतली नाही. मागच्या गाड्या खोळंबल्या. राउश वाट बघत राहिला. तो जराही वैतागलेला नव्हता. एकदा त्यानं आरशात पाहिलं, एकदा तिच्याकडे. त्या नजरेत ओळखीची खूण नव्हती. ती त्याच्यासमोर एकदाच आली होती, पायरीवरून ओरडताना, आणि तेव्हा तो दुसरीकडे बघत होता.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. लोरेथानं बटण दाबलं. पाटी आत आली, दिवे विझले. राउशनं गाडी पुढे काढली आणि बसशेजारून जाताना सगळे ड्रायव्हर एकमेकांना सलाम म्हणून करतात तशी स्टिअरिंगवरची दोन बोटं वर केली.

आणि लोरेथाचा हात, बावीस वर्षांच्या सवयीनं, तिला कळायच्या आत वर गेला.